पावणेपाच वर्षांचं कदाचित

तेजस्वीचं लग्न ठरलं ते दोन हजार पंचवीस साल. नवरात्रात करी रोडच्या स्वप्नीलकडून होकार आला, दिवाळी सरली तसा साखरपुडा झाला, आणि डिसेंबरातली तारीख धरून शिवडीला चंदू तांडेलच्या घरात लग्नाची धावपळ सुरू झाली. घर दोन खोल्यांचं, बंदराच्या रस्त्याला लागून. बाहेरच्या खोलीत चंदू आणि त्याची बायको गुणवंती, आतल्या खोलीत सून आकांक्षा आणि नात तेजस्वी. मुलगा केतन कुठे, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे.

पत्रिकेचा नमुना घेऊन तेजस्वी दुपारी लालबागहून आली, तेव्हा चंदू दाराशी बसून जुनं जाळं सांधत होता. होडी विकून नऊ वर्षं झाली होती, पण हाताला सवय लागलेली. बंदरावरची पोरं फाटकी जाळी आणून टाकायची आणि तो सांधून द्यायचा.

"आण, मी वाचते," गुणवंती म्हणाली. तिनं पदरानं चष्मा पुसला आणि पत्रिका उजेडाकडे धरली. एकेका अक्षरावर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचू लागली. कुलदेवतेचं नाव झालं, गणपतीचं झालं, "चि. सौ. कां. तेजस्वी" झालं. त्याच्या पुढच्या ओळीवर बोट थांबलं.

"कै," ती म्हणाली. मग पुन्हा, "कै. केतन चंद्रकांत तांडेल यांची सुकन्या." तिनं मान वर केली. "हे कुणी सांगितलं छापायला?"

"आजी, छापखानावाल्यानं विचारलं, वडील आहेत का? मी काय सांगणार?"

"सांगायचं, कदाचित."

"असं छापत नाहीत गं."

"का नाय छापत? शब्द हाय ना तो? मग छापायला काय झालं?"

आतून आकांक्षा आली, पण उंबऱ्यातच उभी राहिली. गुणवंतीनं उशाखालची पेन्सिल काढली आणि त्या 'कै'वर अशी आडवी रेघ ओढली की कागद फाटला. "श्री लिहा," ती म्हणाली. "श्री. केतन. माझ्या जित्या पोराला तुम्ही कागदावर मारताय."

चंदूच्या हातातली सुई जाळ्यात अडकली. त्यानं ती सोडवली नाही. खाली मान घालून तो गाठीकडे बघत राहिला, कारण तो 'कदाचित' या घरात त्यानंच आणला होता.

आणला म्हणजे, शब्द होता गुणवंतीचाच. लालबागच्या बाजारात चाळीस वर्षं मासे विकून ती बासष्टाव्या वर्षी अक्षरं शिकायला गेली. परळला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बायांचा वर्ग भरायचा. शिकवायला दादरच्या नलूताई यायच्या. नलूताई जुन्या मुंबईकर घरातल्या, आजा कचेरीत कारकून, बाप वकील. स्वतः तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. कपाळावर आठी, पण शिकवताना आवाज लोण्यासारखा. गुणवंतीला पहिल्या वर्षी मुळाक्षरं आली, दुसऱ्या वर्षी बसच्या पाट्या, तिसऱ्या वर्षी नलूताई गोष्टी वाचून दाखवू लागल्या. अशाच एका गोष्टीत तो शब्द आला.

"बाई, कदाचित म्हणजे बहुतेकच ना?" गुणवंतीनं विचारलं होतं.

"नाही," नलूताई म्हणाल्या. "तुम्ही तराजू धरता ना? बहुतेक म्हणजे एक पारडं खाली गेलेलं. बहुतेक येईल, म्हणजे येण्याकडेच कल. कदाचित म्हणजे काटा मधोमध. येईल, न येईल, दोन्ही सारखं."

"मग गोष्ट लिवणारा कशाला म्हणतो असं? त्यालाच ठावं नाय, तर आमाला काय सांगतो?"

वर्गातल्या बाया हसल्या. नलूताई हसल्या नाहीत. "त्याला सगळं ठाऊक असतं असं थोडंच आहे? आता हे बघा. 'ती वळून हसली, कदाचित त्याला ओळखूनच.' लिहिणारा तिच्या दारापर्यंत गेला, पण आत शिरला नाही. आत काय आहे ते त्यानं तिच्यापाशीच ठेवलं. चांगला लिहिणारा असेल तर तेवढं अंतर राखतो."

"त्यापेक्षा तिला विचारायचं ना सरळ!" गुणवंती म्हणाली, आणि मग नलूताईंनाही हसू आवरलं नाही.

पण शब्द तिला चिकटला. तिनं तो वहीत पानभर गिरवला, आणि संध्याकाळी भाकऱ्या थापताना मोठ्यानं म्हणून बघितला. बाजारात तर तिनं कहर केला. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, उद्या हलवा येईल का?" गुणवंती पाटीवर पाणी शिंपडत म्हणायची, "कदाचित." शेजारच्या बाया ओरडायच्या, "आली गो आमची मास्तरीण! अगो, सरळ सांग ना, येल का नाय?" आणि ती मान ताठ ठेवून म्हणायची, "दर्यातला मासा, बाय. त्याच्या मनात शिरायला मी काय देव हाय?"

चंदूनं तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. त्याला तो इस्त्रीच्या कपड्यांसारखा वाटे. तो 'बहुतेक' म्हणे, नाहीतर 'बघू' म्हणे. बायको मात्र घरभर तो शब्द घेऊन फिरायची तेव्हा त्याला मनातून बरं वाटायचं. केतन तिला चिडवायचा. गोदामातून दमून यायचा, फोर्कलिफ्ट चालवून पाठ धरलेली असायची, तरी दारातून विचारायचा, "आय, जेवायला हाय का?" आणि ती आतून, "कदाचित!" मग दोघंही हसायची.

दोन हजार एकवीसचा एप्रिल आला. आधी गुणवंतीला ताप आला, मग केतनला. आकांक्षानं तेजस्वीला घेऊन माहेर गाठलं, कारण दोन खोल्यांत पाच जणांनी वेगळं राहायचं कसं? केतनचा श्वास लागला तेव्हा त्याला एका मोठ्या मंडपासारख्या तात्पुरत्या दवाखान्यात नेलं. तो चालत गाडीत चढला आणि चढताना चंदूला म्हणाला, "बाबा, आयला बघा. मी येतो चार दिवसांत." नवव्या दिवशी सकाळी फोन आला.

आत एकालाच सोडणार होते. चंदू गेला. स्मशानाच्या फाटकाशी गाड्या एकामागून एक उभ्या होत्या. जिकडे तिकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं, वर कागद चिकटवलेले. एका कामगारानं त्याच्याकडे बघितलं, इकडे तिकडे बघितलं आणि पिशवीची चेन वीतभर खाली ओढली. "आजोबा, पटकन बघा."

त्यानं बघितलं. कपाळ होतं, दाढीचे खुंट होते. हनुवटीवर आडवा व्रण होता. सहा वर्षांचा असताना होडीत धावताना केतन नांगरावर पडला होता, तेव्हाचा. चंदूनंच त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळवलं होतं. तीन टाके पडले होते. ते तीन टाके त्यानं मोजले. कामगारानं चेन वर ओढली.

घरी आला तेव्हा गुणवंती आतल्या खोलीत होती. दाराला प्लास्टिकचा पडदा बांधलेला, बोटाला ते प्राणवायू मोजायचं चिमट्यासारखं यंत्र. आकडा नव्वदवर होता. फोनवरचा तरुण डॉक्टर आदल्याच दिवशी म्हणाला होता, "आजोबा, दोन दिवस त्यांना अजिबात धक्का देऊ नका. दोन दिवस निघाले की जिंकलं." शेजारपाजारचा कालवा तिच्या कानांवर गेला असावा. ती पडद्यामागून उठून बसली.

"केतनचे बाबा," ती म्हणाली. "तुमी जाऊन आलात ना? तोच व्हता?"

चंदूनं तोंड उघडलं. 'हो' ओठांवर होतं. 'नाही' म्हणणं जमलं नसतं. 'बहुतेक' म्हणाला असता तर तिला त्याच घडीला कळलं असतं आणि ती कोसळली असती. आणि मग त्याच्या तोंडून तो शब्द निघाला, जो त्यानं आयुष्यात कधी वापरला नव्हता.

"कदाचित."

पडद्यामागे ती हळूच आडवी झाली. यंत्रावरचा आकडा त्यानं बघितला. एक्याण्णव. संध्याकाळी त्र्याण्णव. आठव्या दिवशी ती भिंत धरून चालू लागली.

ती चालू लागली की सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. आकांक्षाला त्यानं त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलं होतं. तिच्या माहेरी गुपचूप दहावं झालं, तेरावं झालं. पण गुणवंतीला सांगायच्या आधी एक घोटाळा झाला. दवाखान्यानं दिलेला कागद चंदूच्या सदऱ्याच्या खिशात राहिला होता. सदरा धुवायला घेताना तो तिच्या हाती लागला आणि ती तो वाचत बसली. चार वर्षांपूर्वी तिला तो वाचता आला नसता. आता ती कागद नाचवत बाहेर आली.

"ह्यावर वय बघा! चोपन्न! आपला केतन चव्वेचाळीसचा. तिथं गर्दीत कुणाचा कोण झाला असंल. कुणीतरी चोपन्नचा माणूस गेला बिचारा, आणि आपला कुठंतरी दुसऱ्याच्या नावानं पडलाय. तापानं डोकं काम करत नसंल त्याचं. तुमी म्हणालात ते बरोबर होतं. काटा मधोमध हाय." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली. लिहिणाऱ्याच्या हातून एक आकडा चुकला होता, एवढंच. पण ती जेवत होती, आणि समोर बसून चंदू तिला वाढत होता. उद्या सांगू, तो म्हणाला.

तो उद्या आला नाही. त्या एका शब्दानं चौघांची घडी बसवून टाकली. केतनचा मोबाइल दवाखान्यात हरवला होता, पण गुणवंतीनं त्याचा नंबर बंद पडू दिला नाही. दर महिन्याला ती तेजस्वीकडून पैसे भरवून घ्यायची. स्वतः बोटानं एकेक अक्षर शोधून त्याला निरोप लिहायची. 'आज बोंबील आणले.' 'आकांक्षाला बढती मिळाली.' 'तेजूचं लग्न ठरलं, पोरगा चांगला आहे, तू ये.' प्रत्येक निरोपापुढे करड्या रंगाची एकच खूण उमटायची. निघाला, पोचला नाही. ती खूण ती दिवसातून तीनदा बघायची.

आकांक्षाच्या गळ्यातलं मंगळसूत्र तिनं उतरू दिलं नाही. "कदाचित हाय तो, आणि तू काय करतेस?" पहिलं वर्षभर आकांक्षा घरातून मंगळसूत्र घालून निघायची आणि बसथांब्यावर काढून पर्समध्ये ठेवायची. कचेरीत सगळ्यांना माहीत होतं, तिथं ते गळ्यात बरं दिसत नसे. पुढे काढणं-घालणं नकोसं झालं, तिनं ते तसंच राहू दिलं. त्रेचाळीस वर्षांची बाई. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. रडायचं असलं तर माहेरी जाऊन रडायची. एकदा तिनं चंदूला विचारलं होतं, "बाबा, आईंना कधी सांगणार?" त्यात राग नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागलं.

आता पत्रिकेचं काय करायचं यावर दोन दिवस घरात धुसफूस झाली. गुणवंती 'श्री'वर अडली. आकांक्षाला 'श्री' छापणं शक्य नव्हतं. करी रोडच्या माणसांना खरं ठाऊक होतं. शेवटी छापखानावाल्यानंच तोडगा काढला. 'चंद्रकांत तांडेल यांची नात', एवढंच छापायचं. पत्रिका छापून आल्या. हळद-कुंकू लावून पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. तेजस्वी ती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझा बाप नाहीच आहे. जिवंत पण नाही आणि गेलेला पण नाही. स्वप्नीलची आई विचारत होती, नाव राहिलं का म्हणून. मी काय सांगू?"

चंदूनं दुसऱ्याच दिवशी दादरला जायची बस धरली. नलूताईंचं घर त्यानं एकदाच बघितलं होतं, तरी सापडलं. त्या आता ऐंशीच्या घरात होत्या, काठी घेऊन दाराशी आल्या. त्यानं खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. पडदा, यंत्राचा आकडा, व्रण, तीन टाके. इतकं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता.

"बाई, ती तुमचं ऐकते," तो म्हणाला. "तुम्ही तिला समजवा. सांगा की कदाचितचा अर्थ तसा नसतो."

"अर्थ तसाच असतो," नलूताई म्हणाल्या. "मीच शिकवलाय तिला. तिनं तो अगदी बरोबर धरला. चुकली ती नाही."

चंदूचं बोट खुर्चीच्या वेतातली सुटलेली गाठ चाचपू लागलं.

"चंदूभाऊ, पुस्तकात हा शब्द लिहिणाऱ्याला खरोखरच ठाऊक नसतं, म्हणून तो लिहितो. त्यात लाज नाही. पण जो बघून आलाय, टाके मोजून आलाय, त्यानं कदाचित म्हणायचं नसतं. तुम्ही तिचा जीव वाचवायला म्हणालात, हे मला कळतं. त्या दिवशी मीही कदाचित—" त्या थांबल्या. "बघा, माझ्याही तोंडात येतो. त्या दिवशी मीसुद्धा तेच केलं असतं. पण दुसऱ्या आठवड्यात नसतं केलं."

"मग आता?"

"मी नाही सांगणार. शब्द तुम्ही दिलात, परत तुम्हीच घ्यायचा. ती तुम्हाला शिव्या देईल, त्या पण तुम्हीच खायच्या." मग काठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "चहा घेता?"

त्यानं चहा घेतला. घरी आला, आणि सांगितलं नाही. पापड आले, नवरीचे कपडे आले, मांडववाले बांबू टाकून गेले. रोज तो एकदा तरी गुणवंतीसमोर जाऊन उभा राही आणि ती म्हणे, "काय? असे काय बघता? जा, नारळवाल्याकडं जा." आणि तो जाई.

मांडवाचा दिवस उजाडला. सकाळी सातलाच राधाबाई आल्या. राधाबाई म्हणजे धवलारीण, लग्नात धवले गाणाऱ्या. बंदराच्या बाजूला आता अशा दोघीच उरल्या होत्या. बाकीच्यांकडे मोठमोठे स्पीकर लागायचे. पण तांडेलांच्या घरात लग्न म्हटलं की आधी राधाबाई. या घराण्याची एक रीत होती. जित्या माणसांना पत्रिका जाते, तसं गेलेल्यांना धवल्यातून आवतण जातं. घरातल्या थोरल्या बाईनं एकेक नाव सांगायचं. कोण, नवरीचा कोण, कधी गेला. राधाबाई ते नाव गाण्यात घ्यायच्या आणि त्याला मांडवात बोलवायच्या. ज्याचं नाव घेतलं नाही, तो बाहेर राहिला असं समजायचे.

तेजस्वी पाटावर बसली होती. समोर सूप, त्यात तांदूळ. बाया गोल करून बसल्या. राधाबाईंनी घसा खाकरला. "चल गो गुणवंती. सांग एकेक."

गुणवंतीनं सासऱ्याचं नाव सांगितलं. नवरीचा पणजा, अमक्या साली गेला. राधाबाईंचा आवाज उठला, म्हातारा आणि खरखरीत, आणि प्रत्येक नावाशी एक चिमूट तांदूळ सुपात पडला. मग सासू. मग दीर कुशाबा, वादळात गेलेला. मग गुणवंतीची स्वतःची आई. मग ती थांबली.

"आणखी?" राधाबाई म्हणाल्या.

"झाली."

राधाबाईंनी तांदळाची चिमूट तशीच धरून ठेवली. त्यांनी पाटावरच्या मुलीकडे बघितलं. तेजस्वीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आजी," ती म्हणाली, "पप्पांना पण बोलव ना गं."

"पत्र लिवलंय मी त्याला. फोनवर."

"तिथून ते येणार नाहीत, आजी. पत्रिकेत नाव नाही, इथं नाव नाही. मग ते यायचे कुठून?"

बाया खाली बघू लागल्या. आकांक्षा भिंतीला टेकून उभी होती, तिनं पदर तोंडावर धरला. गुणवंती राधाबाईंच्या जवळ सरकली आणि खालच्या आवाजात, सौदा करावा तशी म्हणाली, "राधाबाय, असं करा. त्याचं नाव घ्या, पण कदाचित लावून घ्या. कदाचित केतन. म्हंजे असला तर नुस्तं गाणं झालं, आणि नसला तर—"

"असं आवतण नसतं गो बाय," राधाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "मी बोलवते तो यायला निघतो. निघावं का बसावं, हे त्याला कळाया नको?"

गुणवंती मागे सरली. तिची नजर फिरत फिरत दाराशी आली. चंदू तिथं मांडवाच्या खांबाला धरून उभा होता.

"केतनचे बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी गेला होतात. इथं बायांपुढं विचारते. तोच व्हता?"

पडद्याआड नव्हती ती आता. बोटाला यंत्र नव्हतं. चंदू आत आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुडघे कुरकुरले.

"तोच होता, गुणे."

"कशावरून?"

"पिशवीची चेन उघडली होती त्यांनी. तोंड बघितलं मी. हनुवटीवरचा नांगराचा व्रण होता. तीन टाके होते. मोजले."

"वय चोपन्न लिवलं होतं."

"चुकून लिहिलं त्यांनी. आकांक्षानं नंतर फेऱ्या मारून दुरुस्त करून घेतलं. कागद आहे आत, डब्यात."

तिनं आकांक्षाकडे बघितलं. आकांक्षानं मान हलवली. गुणवंतीच्या तोंडावरचा सगळा जोर एकदम उतरला. भरतीचं पाणी गेल्यावर होडी चिखलात बसते, तशी ती जागच्या जागी बसली.

"म्हंजे तुमाला ठावं होतं."

"हो."

"बघून आलात, आणि मला कदाचित म्हणालात."

"तू मेली असतीस गुणे. डॉक्टर म्हणाला होता—"

"तेव्हा मेले असते," ती म्हणाली. "मग मी चालाया लागले तेव्हा? तो कागद वाचला तेव्हा? पावणेपाच वर्षं मी माझ्या पोरासाठी रडले नाय. एक डाव पण नाय. त्याचं दहावं झालं तेव्हा मी इथं तो येईल म्हणून भिंत धरून चालत होते. माझं रडणं तुमी घेतलंत, केतनचे बाबा. ते मला परत कुठून देणार?"

त्यानं हात पुढे केला. तिनं तो झटकला नाही, धरलाही नाही. तो तसाच दोघांच्या मधे राहिला.

बाहेर मांडववाला शिडी सरकवत होता, त्याला कुणीतरी गप्प केलं.

"डोळे मिटलेले होते त्याचे?" तिनं विचारलं.

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती आणि चंदूला ती दिसली. "एक मिटला होता," तो म्हणाला. "डावा जरासा उघडा होता."

"मग तुमी मिटलात?"

"हात लावू दिला नाही."

"मी असते तर मिटला असता," गुणवंती म्हणाली. मग ती पुढे वाकली, कपाळ तेजस्वीच्या गुडघ्याला टेकलं आणि तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरचे मांडववाले खाली उतरले. लग्नाच्या मांडवात असं रडायचं नसतं. पण त्या दिवशी तिला कुणी आवरलं नाही. आकांक्षा खाली बसली आणि सासूच्या पाठीवर डोकं ठेवून तीही रडू लागली, पहिल्यांदा त्या घरात, मोठ्यानं. तेजस्वीचे हळदीचे हात दोघींच्या पाठीवर होते. चंदू जिथं होता तिथं बसून राहिला. त्याला त्यांच्यात जागा नव्हती, आणि त्यानं मागितलीही नाही.

राधाबाई हातात तांदूळ धरून थांबल्या होत्या. उन्हं उंबऱ्याच्या आत आली तेव्हा गुणवंती उठून बसली. पदरानं तोंड पुसलं, केस मागे सारले. नवऱ्याकडे न बघता तिनं विचारलं, "वार कुठला होता?"

"शनिवार."

"किती वाजता?"

"चारला म्हणाले. पहाटे."

तिनं मान हलवली. मग राधाबाईंकडे तोंड करून, पाठ ताठ करून, प्रत्येक शब्द वेगळा उच्चारत ती म्हणाली:

"केतन चंद्रकांत तांडेल. माझा मुलगा, नवरीचा बाप. चोवीस एप्रिल दोन हजार एकवीस, शनिवारी, पहाटे चार वाजता गेला."